सस्तन प्राण्यांच्या दंतविकासातील जनुक-अभिव्यक्ती : संशोधनदृष्टीची एक चिकित्सा

सस्तन प्राण्यांचा दात हा विकास-जीवशास्त्रात विशेषत्वाने अभ्यासला गेलेला अवयव होय. गर्भाच्या जबड्यातील अधिस्तर जाड होतो, त्याची कळी बनते, पुढे टोपीची व घंटेची अवस्था येते. प्रत्येक टप्प्यावर अधिस्तर आणि त्याखालील मध्योतक एकमेकांना रासायनिक संकेत देतात. हेलसिंकी येथील इर्मा थेसलेफ यांच्या गटाने कोणते जनुक कोठे व केव्हा अभिव्यक्त होते याची चिकाटीने नोंद केली. १९९४ साली या गटाने 'एनॅमल गाठ' हे संकेतकेंद्र असल्याचे दाखविले. त्याच वर्षी एमएसएक्स-१ जनुक निकामी केलेल्या उंदरांत दातांची वाढ कळीच्या अवस्थेतच थांबते, हे सिद्ध झाले. १९९६ मध्ये माणसातही याच जनुकातील दोषामुळे काही दात उगवत नसल्याचे आढळले. या कामाचे मोल वादातीत आहे.

तथापि या परंपरेची एक मर्यादा क्वचितच चर्चिली जाते. जनुक कोठे अभिव्यक्त होते हे कळले म्हणजे ते तेथे काय करते हे कळले, असे नव्हे. एखाद्या ऊतीत अनेक जनुके एकाच वेळी जागी असतात; त्यांपैकी कशावाचून काम अडते हे केवळ जनुक निष्क्रिय केल्यावर उमगते. त्यातही प्रयोगप्राणी उंदीर. त्याला सुळे नाहीत, उपदाढा नाहीत, दुधाचे दात पडून नवे येणे नाही, आणि त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. मानवी दातांच्या दोन पिढ्यांचा उलगडा अशा प्राण्यावरून अर्धाच होणार, हे उघड आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन हे गाव झरी जामणी तालुक्यात येते. जिल्ह्याच्या या पूर्व भागातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे भूजल अभ्यासांतून पुढे आले आहे. शेजारच्या पांढरकवडा परिसरावरील असा अभ्यास २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य, तर पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे. याहून अधिक फ्लोराइड लहान वयात पोटात जात राहिले तर दातांवर पांढरे पट्टे व तपकिरी डाग उमटतात.

या डागांमागील दोष दात उगवण्यापूर्वीच तयार झालेला असतो. अमेलोब्लास्ट पेशी प्रथम अमेलोजेनिनप्रधान प्रथिनांचा साचा रचतात. नंतर एमएमपी-२० व केएलके-४ ही विकरे तो साचा विघटित करून खनिजाला जागा करून देतात. फ्लोराइडमुळे प्रथिने वेळेवर हटत नाहीत व एनॅमल सच्छिद्र राहते. येथे दंतरचनेचा आराखडा देणारी जनुके शाबूत असतात, दात योग्य जागी व योग्य आकाराचा येतो. बिघडतो तो शेवटचा टप्पा. कोणते जनुक कोठे जागे आहे एवढीच नोंद करणाऱ्या नकाशात ही घटना दिसणार नाही. पण म्हणून आनुवंशिकता गैरलागू ठरते असेही नाही. समान फ्लोराइड दिलेल्या उंदरांच्या काही वाणांत डाग ठळक पडतात, काहींत अल्प, हेही प्रयोगांनी दाखविले आहे. पाणी आणि जनुक यांना वेगळ्या प्रकरणांत शिकविण्याची आपली सवय या ठिकाणी तोकडी पडते.

या सवयीचा परिणाम वर्गाबाहेरही दिसतो. विदर्भात डागाळलेल्या दातांचे कारण सहज खर्ऱ्यावर किंवा दात न घासण्यावर ढकलले जाते. खर्ऱ्याचा डाग वरवरचा असतो. फ्लोराइडचा दोष मात्र एनॅमलच्या आत, वाढीच्या रेषांना समांतर, दोन्ही बाजूंच्या जोडदातांवर सारखा असतो. पदवी वर्गात दंतसूत्र पाठ करवून घेणाऱ्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमाने एवढा फरक ओळखावयास शिकविणे अशक्य नाही.

एनॅमल पूर्ण झाल्यावर, दात उगवताना अमेलोब्लास्ट नाहीसे होतात. म्हणून त्याची भरपाई शरीर करू शकत नाही. अक्कलदाढ वगळता कायमच्या दातांचे एनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते. शाळा-अंगणवाडीच्या पाण्याची तपासणी करताना कोणत्या वयाच्या मुलांना प्राधान्य द्यावयाचे, याचे उत्तर जनुकांच्या सूचीतून नव्हे तर या कालक्रमातून मिळते.