ईक्विव्हॅलंट्स

ईक्विव्हॅलंट्स : अमेरिकन छायाचित्रकार ॲल्फ्रेड स्टीग्लिट्स (१८६४–१९४६) याची मेघ व आकाश यांच्या कृष्णधवल छायाचित्रांची मालिका. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे १९२२ मध्ये त्याने मेघचित्रणास आरंभ केला. दहा चित्रांच्या पहिल्या संचास त्याने संगीतरचनेप्रमाणे शीर्षक दिले, तर १९२५ पासून भावस्थितीची समतुल्ये या अर्थी ‘ईक्विव्हॅलंट्स’ ही संज्ञा वापरली. अशी दोनशेहून अधिक चित्रे त्याने निर्माण केली.

आपल्या व्यक्तिचित्रांचे यश बैठकीस येणाऱ्यांवरील प्रभावात आहे, या टीकेस उत्तर म्हणून सर्वांना सारखेच उपलब्ध असलेले मेघ आपण निवडले, असे त्याने १९२३ मधील लेखात म्हटले आहे. छायाचित्रकारांना मात्र आकाश सहजसाध्य नव्हते. जुन्या काचपट्ट्यांवरील रासायनिक लेप निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असल्याने भूभाग नीट उमटला, की आकाश कोरे राही. म्हणूनच १८५० नंतरच्या दशकात ग्यूस्ताव्ह ल ग्रे याने समुद्रदृश्यांसाठी कधीकधी दोन निगेटिव्ह जोडल्या.

स्टीग्लिट्सच्या आरंभीच्या चित्रांत खाली टेकड्या दिसतात. भव्य असली, तरी ती निसर्गदृश्येच होत. पुढे हातात धरता येणारा कॅमेरा थेट वर रोखल्यावर क्षितिज नाहीसे झाले. वर कोणते व खाली कोणते, हे ठरविण्यास आधार उरला नाही. जवळजवळ काळे आकाश आणि त्यावरील विरळ, उजळ पुंजके तळहाताएवढ्या मुद्रितात सामावले. कँडिन्स्कीच्या कलाविचाराचा अंश स्टीग्लिट्सने आपल्या ‘कॅमेरा वर्क’मध्ये १९१२ मध्येच छापला होता, परंतु येथील अमूर्तता चित्रकलेकडून उसनी घेतलेली नाही. अखंड आकाशातून नेमका तुकडा तोडून घेण्याच्या छायाचित्रणाच्या स्वतःच्या क्रियेतून ती उद्‌भवते. रोझालिंड क्राउस या समीक्षिकेने १९७९ मध्ये याच छेदावर भर दिला.

प्रत्येक चित्र विशिष्ट भावस्थितीचे समतुल्य असल्याचा कलावंताचा दावा मात्र तपासता येत नाही. प्रेक्षकास ती भावना शीर्षकावरून वा चित्रावरून निश्चितपणे ओळखता येत नाही. संगीताशी केलेली तुलनाही सैलच वाटते. तरीही मेघ हे मेघच राहतात आणि त्याच वेळी निव्वळ आकार होतात, हा ताण अस्सल आहे.

भारतीय कलेचे भाष्यकार आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने १९२४ मध्ये स्टीग्लिट्सची २७ छायाचित्रे स्वीकारली. समतुल्याची कल्पना पुढे मायनर व्हाइट याने विकसित केली. तिचा भर प्रेक्षकाच्या प्रतिसादावर आहे.