हजारात पाच : शालेय ग्रंथपाल आणि हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांच्या २०१७ च्या पुस्तिकेत २१५ क्रमांकाचा एक नियम आहे. ग्रंथालयातील पुस्तकांची पडताळणी कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी सगळी मोजावीत, पन्नास हजारांपर्यंत असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी मोजावीत, वगैरे. त्यापुढे एक वाक्य येते, त्याकडे साहित्याच्या वाचकांचे लक्ष जाण्याचे काही कारण नाही. वर्षभरात दिल्या-पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ती हानी वाजवी समजावी. अट एवढीच, की तिच्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांहून जास्त किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले, तर मात्र चौकशी व्हावी.

हे वाक्य मी एखाद्या कवितेची ओळ वाचावी तसे पुन्हा पुन्हा वाचले आहे. पाचाचे प्रमाण त्यात कशाशी बांधले आहे? कपाटात किती पुस्तके आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. किती पुस्तके वाचकाच्या हातात गेली याच्याशी आहे. ज्या ग्रंथालयाने वर्षभरात दहा हजार वेळा पुस्तक दिले, त्याची पन्नास पुस्तके गेली तरी ते दोषी नाही. ज्याने एकदाही दिले नाही, त्याला एकसुद्धा पुस्तक गमावण्याची सवलत नाही. हिशेबतपासनिसांच्या मनात काय होते कोण जाणे, पण त्यांनी लिहिलेल्या मजकुराचा अर्थ असा निघतो, की देवघेव वाढवा, म्हणजे हरवण्याची मुभाही वाढेल. वाचनसंस्कृतीवरच्या आपल्याकडच्या कितीतरी भाषणांपेक्षा हे एक कारकुनी वाक्य मला अधिक शहाणे वाटते.

हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आणि संस्थांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित खासगी शाळांना तो आपोआप लागू होत नाही. तरीही इथून सुरुवात करण्याचे कारण असे, की शालेय ग्रंथपाल मुलांना वाचते कसे करतात, या प्रश्नाचे उत्तर आपण नेहमी पुस्तकांत आणि उपक्रमांत शोधतो. माझ्या मते ते ग्रंथपालाच्या जबाबदारीच्या व्याख्येत आहे. त्याला पुस्तके शाबूत ठेवल्याबद्दल जाब विचारला जातो, की ती झिजवल्याबद्दल?

मी दीपनगरला राहतो. औष्णिक विद्युत केंद्राची ही वसाहत भुसावळजवळ, फेकरीच्या शेजारी. बाहेरच्या जिल्ह्यांतून बदलून आलेली कुटुंबे आत, आणि कुंपणापलीकडे केळीची व कापसाची गावे. या भागातल्या, म्हणजे भुसावळ, वरणगाव, सावदा, यावल या बाजूच्या काही शाळांच्या ग्रंथालयांत जाऊन मी नुसता बसलो आहे. ग्रंथालय हा शब्द पुष्कळदा शिष्टाचार म्हणून वापरायचा. एखाद्या ठिकाणी स्वतंत्र खोली असते, बाकी ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागचे लोखंडी कपाट. काचेचे कपाट असेल तर पुस्तके बाहेरून दिसतात, एवढाच फरक. किल्ली कोणाकडे, असे विचारले की दोन-तीन नावे पुढे येतात आणि त्यातले एक माणूस हमखास रजेवर असते.

एका शाळेत ग्रंथपालबाईंनी मला दोन वह्या दाखवल्या. दाखल नोंदवही कोरून काढल्यासारख्या अक्षरात, ओळीने, एकही खाडाखोड नसलेली. देवघेव नोंदवही पातळ होती, आणि तिच्यातली बहुतेक नावे शिक्षकांची. मुलांना का देत नाही, हे मी विचारले नाही, त्यांनीच सांगितले. पूर्वी देत होत्या. एका वर्षी मोजणीत काही पुस्तके कमी भरली आणि त्यांना ती स्वतःच्या पैशाने आणून द्यावी लागली. नंतर त्यांनी देणे थांबवले. त्यात मला आळस दिसला नाही, दुष्टपणा तर नाहीच. जिला हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जाब द्यावा लागतो आणि वाचलेल्या एकाही पुस्तकाबद्दल कोणी विचारत नाही, तिने आणखी काय करावे?

छोट्या शाळांत पुस्तकांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला घेतात. मराठीत त्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. बाक, घंटा, पंखा आणि गोष्टीची पुस्तके. हे नाव ठेवणाऱ्याने विनोद म्हणून ठेवलेले नाही.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला पहिला ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा आहे. इतके उघड वाक्य सिद्धांत म्हणून का मांडावे लागले, हे त्यांच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण वाचले की कळते. तिथे ते युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांतल्या साखळ्यांपासून सुरुवात करतात. पुस्तके फळीला साखळीने बांधलेली असत. साखळ्या गेल्या, तरी जपणुकीची वृत्ती मागे उरली, असा त्यांचा रोख आहे. आणि मग ते ग्रंथालयाची जागा, वेळ, लाकूडसामान आणि सेवकवर्ग या चार गोष्टी एकेक करून त्या सिद्धांताच्या कसोटीवर घासतात. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी रंगनाथन गणिताचे अध्यापक होते. ते या प्रकरणात जाणवते. गृहीतक एकच आणि त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांपासून सुटका नाही. आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांत मात्र हे पाच सिद्धांत पाच गुणांच्या प्रश्नासाठी पाठ केले जातात, आणि साखळ्यांची गोष्ट उत्तरपत्रिकेत सहसा येत नाही.

सेवकवर्ग हा त्यांतला खरा प्रश्न. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत. गोष्टींचा वेगळा उल्लेख करणाऱ्याचे आभारच मानले पाहिजेत. पण त्याच परिशिष्टात शिक्षक किती असावेत याचे कोष्टक आहे, सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. ग्रंथपाल कोष्टकात कुठेच नाही. पुस्तके आहेत, ती उघडून देणारे माणूस नाही. महाराष्ट्रात माध्यमिक शाळांना ग्रंथपालाचे पद आहे खरे, पण ते पटावर अवलंबून. हजारावर विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ, त्याखाली अर्धवेळ, आणि आणखी खाली काहीच नाही. संचमान्यतेच्या मोसमात अर्धवेळ ग्रंथपालाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते मुलांना वाचनाची गोडी लावण्याच्या मनःस्थितीशी जुळणारे नसते. आणि जे पूर्णवेळ असतात त्यांचा वेळ शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची बैठकव्यवस्था, ऑनलाइन माहिती भरणे यांत जातो. ग्रंथपाल हा शाळेतला मोकळा माणूस, अशी एक समजूत आहे.

हे सगळे आपल्याकडेच आहे, असे मानून उसासे टाकण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणे नियमाने बंधनकारक आहे, शाळेत नाही. जपानचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिथे १९५३ साली शालेय ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि ते पाहणारा शिक्षक-ग्रंथपाल असावा, असे त्यात म्हटले. आणि शेवटी एक पुरवणी जोडली, की तूर्तास असा शिक्षक नेमला नाही तरी चालेल. हे ‘तूर्तास’ जवळजवळ अर्धशतक टिकले. १९९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००३ पासून बारा किंवा अधिक तुकड्या असलेल्या शाळांना नेमणूक सक्तीची झाली. त्यानंतरही बहुतेक ठिकाणी हे काम वर्गशिक्षकच आपले तास सांभाळून करत राहिले. म्हणून २०१४ च्या दुरुस्तीत ग्रंथालयासाठी वेगळ्या कर्मचाऱ्याचा उल्लेख कायद्यात आला. सरकारी ‘तूर्तास’ची जात सगळीकडे सारखीच.

त्याच जपानमध्ये १९८८ साली चिबा प्रांतातल्या एका मुलींच्या शाळेत शिक्षकांनी सकाळच्या दहा मिनिटांच्या वाचनाची प्रथा सुरू केली आणि ती पुढे देशभर पसरली. तिचे नियम चारच : सगळ्यांनी वाचायचे, रोज वाचायचे, आपल्या आवडीचे वाचायचे, आणि फक्त वाचायचे. या चौथ्या नियमापाशी आपला कोणताही उपक्रम अडखळेल. आपल्याकडे मुलाने पुस्तक वाचले की त्याला लगेच सारांश लिहायला, तात्पर्य सांगायला किंवा फलकासमोर उभे राहून मनोगत व्यक्त करायला लावतात. नुसते वाचून गप्प बसलेले मूल आपल्याला संशयास्पद वाटते. आणि कागदोपत्री त्याचा पुरावाही राहत नाही.

आपल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मात्र जगातल्या शालेय वाचनाच्या गोष्टी दोनच प्राण्यांच्या पाठीवरून येतात : केनियातला उंट आणि कोलंबियातले गाढव. दोन्ही खऱ्या आहेत. पण आपण त्या एकाच पठडीत सांगतो, हे मला खटकते. कोलंबियातला लुइस सोरियानो हा प्राथमिक शिक्षक, अल्फा आणि बेतो या आपल्या दोन गाढवांवर पुस्तके लादून वस्त्यांवर जाऊ लागला, तो स्वतःच्या जिवावर. केनियातला उंट मात्र सरकारी आहे. १९९६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेने गारिसा भागातल्या भटक्या पशुपालकांसाठी ती योजना आखली. उंटाबरोबर पगारी माणसे असतात, तंबू असतो, चटया असतात, ठरलेले वार असतात. कौतुक उंटाचे झाले, पण योजना चालली ती ठरलेल्या वारांवर. उंटाचे छायाचित्र छापणाऱ्या संपादकांना वेळापत्रक छापण्यात रस नसतो, हे समजण्यासारखे आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवण्याची व्यवस्था बसवली, तिच्यामागेही एक आख्खे खाते उभे होते. महाराज मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आमच्या खानदेशाला लागूनच.

खानदेशात या विषयावर बोलताना साने गुरुजींचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही, आणि ते निघालेच पाहिजे. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्या काळात ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढत. हाताने लिहिलेले, रोजचे. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी सुरू केले. गुरुजींवर लिहिणारे या दैनिकाकडे त्यांच्या त्यागाचा आणि प्रेमाचा दाखला म्हणून पाहतात. मला त्याकडे ग्रंथालयाच्या अंगाने पाहावेसे वाटते. मुलांना वाचायला द्यावे असे पुरेसे काही हाताशी नसेल, तर ते रात्री लिहून सकाळी त्यांच्यापुढे ठेवायचे. वाचणारी मुले कोण, त्यांना कालच काय झाले, कोणाला घरची आठवण येते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायचे. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हा रंगनाथनांचा दुसरा सिद्धांत छापून येण्यापूर्वीची ही गोष्ट. आणि त्या कागदांना दाखल क्रमांक नव्हता. हाताळून ते मळले, फाटले, हरवले, तर कोणाच्या पगारातून वसुली व्हायची नव्हती. दुसऱ्या दिवशी नवा अंक येणारच होता.

इथे थोडे सावध राहायला हवे. गुरुजी छात्रालयातच राहत, त्यांना संसार नव्हता, आणि त्यांच्यासारखी माणसे पद निर्माण करून मिळत नाहीत. त्यांचे नाव घेऊन आजच्या अर्धवेळ ग्रंथपालाला त्यागाचा उपदेश करणे ही लबाडी आहे. शासनाला अशी उदाहरणे आवडतात, कारण ती फुकट पडतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. योगायोगाने ऑक्टोबर हा शालेय ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महिनाही आहे. त्या दिवशी कपाटे उघडतात, मुले मैदानात रांगेने पुस्तके धरून बसतात, छायाचित्रे वर पाठवली जातात. त्यात वाईट काही नाही. सोळा तारखेला किल्ली कुठे जाते, एवढेच पाहायला हवे.

ग्रंथपाल असल्याने फरक पडतो का, याचा पुरावा मागणारे मागतातच. १९९३ मध्ये किथ करी लान्स यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथालयातले मनुष्यबळ आणि संग्रह जिथे चांगला, तिथे मुलांचे परीक्षेतले गुणही चांगले, कुटुंबांची आर्थिक स्थिती लक्षात घेऊनही, असे त्यात दिसले. पुढे इतर राज्यांतही तसे अभ्यास झाले. त्यांवर आक्षेप आहे तो असा, की चांगल्या शाळाच चांगला ग्रंथपाल नेमत असतील, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? आक्षेप रास्त आहे. पण मला मुळात गुणांचा दाखला देऊन वाचनाची वकिली करणेच नको वाटते. उद्या गुण वाढले नाहीत असे दिसले, तर काय पुस्तके परत कुलपात?

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या प्रकाराप्रमाणे पाच ते वीस हजार रुपयांचे वार्षिक ग्रंथालय अनुदान आहे. पैसा थोडा आहे, पण शून्य नाही. त्यातून येणारी पुस्तके पुष्कळदा वरून ठरलेल्या यादीतून गठ्ठ्याने येतात. दीपनगरच्या आसपासच्या वर्गात घरी लेवा गणबोली बोलणारी मुले असतात, अहिराणी बोलणारी असतात, सातपुड्याच्या बाजूला सरकलात तर पावरी बोलणारी; वसाहतीत विदर्भाची आणि मराठवाड्याची. कोणत्या मुलाच्या हाती आधी माधुरी पुरंदरेंचे चित्रपुस्तक ठेवायचे, कोणाला ‘किशोर’चे जुने अंक द्यायचे आणि कोणाला क्रिकेटच्या पुस्तकापासून सुरुवात करून द्यायची, हे यादी ठरवू शकत नाही. ते त्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी भेटणाऱ्या माणसालाच कळेल, आणि तेही दोन-चार पुस्तके चुकीची देऊन.

त्यामुळे माझी मागणी छोटी आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. हजारात पाचाचा नियम राज्याने आपल्या सर्व शाळांना, अगदी ज्यांत ग्रंथपाल नाही अशांनाही, लेखी लागू करावा. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने दाखल नोंदवहीच्या आधी देवघेव नोंदवही मागावी, आणि तीत मुलांची नावे किती, हे पाहावे. निर्लेखनाच्या तक्त्यात ‘कारण’ असा एक रकाना असतो. मी पाहिलेल्या तक्त्यांत त्या रकान्यात वाळवी, पावसाने भिजले, जीर्ण, गहाळ असे शब्द होते. हाताळून फाटले, असे एका ठिकाणी लिहिले होते. त्या शाळेचे कपाट फळ्याखाली होते आणि त्याला दार नव्हते.