फॅरडे यांची मेणबत्ती आणि आपली मुले

मुलांसाठी असलेल्या विज्ञानग्रंथांत मायकेल फॅरडे यांच्या ‘मेणबत्तीचा रासायनिक इतिहास’ या छोट्या पुस्तकाचे नाव आजही आदराने घेतले जाते. वस्तुतः ही १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे दिलेली सहा व्याख्याने; विल्यम क्रुक्स यांनी ती संपादून १८६१ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु कीर्ती मोठी म्हणून परीक्षण टाळावे, हे आम्हांस मान्य नाही.

पुस्तकाचा पहिला गुण विषयाच्या निवडीत आहे. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या शास्त्रज्ञाने मुलांपुढे दुर्मिळ यंत्र न मांडता घरोघरची मेणबत्ती मांडली. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? ते दाखविण्यासाठी ते ताटलीत मिठाचा खांब उभा करतात व तळाशी निळा रंग घातलेले मिठाचे संपृक्त पाणी ओततात. रंग खांबात चढत जातो आणि केशाकर्षण डोळ्यांना दिसते. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या धुरास जळती काडी लावताच ज्योत त्या धुरातून धावत वातीवर परत येते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. एका प्रयोगातून निघालेला प्रश्न पुढचा प्रयोग सोडवितो. ही मांडणी खचित अनुकरणीय आहे.

ऐकीव गोष्टीस सामान्यतः पुरावा मानू नये, ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, हा १८७२ च्या पुरावा कायद्याचा दंडक २०२३ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. फॅरडे मुलांस याच दंडकाने वागवितात, सांगण्याआधी दाखवितात. तथापि साक्ष झाली म्हणजे खटला संपत नाही, उलटतपासणी उरतेच. नेमकी तीच या पुस्तकात मुलांच्या वाट्यास येत नाही. प्रयोग व्याख्याते करतात, मुले पाहतात. पुढील व्याख्यानांतील पोटॅशियम व फॉस्फरस ही तर घरी हाताळण्याची द्रव्येच नव्हेत. आणि पुस्तक केवळ वाचणाऱ्या मुलास फॅरडे यांची प्रत्यक्ष साक्षही पुन्हा ऐकीवच होते.

याचे एक उदाहरण पाहू. ज्योतीतून पाणी निघते हे दाखविण्यासाठी फॅरडे बर्फ व मीठ भरलेले भांडे ज्योतीवर धरतात. तळाशी थेंब जमतो. हाच प्रयोग गोव्यात भर पावसाळ्यात केला, तर ज्योत नसतानाही भांड्यास पाणी सुटेल! ते हवेतल्या दमटपणाचे. येथे मुलाने दोन सारखे कोरडे काचेचे पेले घ्यावेत. वडीलधाऱ्यांच्या देखत एक समईच्या ज्योतीवर क्षणभर उपडा धरावा, दुसरा दूर. पहिला आतून धुरकट होतो, दुसरा स्वच्छ राहतो. फॅरडे यांचा निष्कर्ष खरा ठरतो. पण आता तो मुलाचा स्वतःचा झालेला असतो.

ही उणीव ओळखणारा एक उपक्रम इंदूरकर वाचकांच्या राज्यातच झाला. होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, १९७२ मध्ये १६ शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले व १९७८ मध्ये ते जिल्ह्यातील माध्यमिक वर्गांत पसरले. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या हिंदी पुस्तकांत प्रयोगाची कृती व प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. चार-चार मुलांनी मिळून प्रयोग करावयाचा व उत्तर शोधावयाचे. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा होती आणि हातांचीही परीक्षा घेतली जात असे. २००२ मध्ये राज्य शासनाने हा उपक्रम बंद केला. वाङ्मयीन सौंदर्यात ही पुस्तके फॅरडे यांच्या जवळपासही येत नाहीत. परंतु मुलावर टाकलेल्या विश्वासात ती त्यांच्या पुढे आहेत.

म्हणून फॅरडे यांचे पुस्तक मुलांच्या हाती अवश्य द्यावे, पण बक्षिसाच्या ग्रंथासारखे कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. वडिलांनी ते आधी वाचावे, त्यातील प्रश्न घ्यावेत आणि उत्तरे काही काळ झाकून ठेवावीत. समई आपल्या घरी रोज लागते. तिच्यातले तेल वर कसे चढते असे मुलाने विचारले, तर त्यास गप्प बसविणे किंवा ‘केशाकर्षण’ हा शब्द पाठ करविणे, या दोहोंत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.