सीमेवरील सहल आणि मराठी प्रवासलेखन

मराठीतील प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आता चांगला प्रौढ झालेला आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे', पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' असे त्याचे टप्पे समीक्षकांनी पुनःपुन्हा मोजले आहेत. मात्र या मोजणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. प्रवास म्हणजे दूरचा प्रवास, शक्य तर समुद्रापलीकडचा. पहाटे शिदोरी बांधून निघावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा जो प्रवास आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतो, त्या सहलीला आमच्या वाङ्मयात अजून घर मिळालेले नाही. तिच्यासाठी आहेत त्या मार्गदर्शक पुस्तिका आणि शाळेतील निबंधाच्या वह्या. दोहोंचा दर्जा वाचकांना ठाऊक आहेच.

ही उणीव कोठे विशेष जाणवते, याचा विचार करताना आमची दृष्टी बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन झाले, तेव्हा जुना बिदर जिल्हाही तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले; बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले; जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. त्या दिवसापासून या भूमीविषयी मराठीत लिहिले गेले ते बहुधा वादाच्या भाषेत. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने तर त्या वादाला कायमचे कागदपत्र मिळवून दिले. आमचा विषय तो वाद नव्हे. परंतु भालकी-बसवकल्याणच्या मराठी माणसाकडे आपले लक्ष केवळ जनगणनेतील आकडा म्हणून जावे आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसाकडे कधी जाऊ नये, यात वाङ्मयाची काही चूक आहे, असे आम्हांस वाटते.

या भूमीला विरंगुळ्याच्या वाङ्मयाची परंपरा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर, 'भूलोकमल्ल', याने शके १०५१ मध्ये, म्हणजे ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, हे सांगून झाल्यावर हा राजा थांबत नाही. उपभोग, विनोद आणि क्रीडा यांना तो ग्रंथाचा मोठा भाग देतो. त्यातील क्रीडांची नुसती नावे पाहावीत : भूधरक्रीडा, वनक्रीडा, आंदोलनक्रीडा, तोयक्रीडा, शाद्वलक्रीडा, वालुकाक्रीडा, ज्योत्स्नाक्रीडा, सस्यक्रीडा. डोंगरावर जावे, रानात जावे, झोके घ्यावेत, पाण्यात उतरावे, हिरवळीवर बसावे, वाळूत खेळावे, चांदण्यात रमावे, उभ्या पिकात हिंडावे. सहलीचे इतके सविस्तर शास्त्र आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल. श्रीगोंदेकरांनी संपादिलेली त्याची बडोद्याची आवृत्ती १९२५ पासून खंडाखंडाने निघाली आणि अभ्यासकांनी तिचा उपयोग पाककला, संगीत, चित्रकला यांसाठी भरपूर केला. मराठीच्या अभ्यासकाला हा ग्रंथ आठवतो तो मुख्यत्वे एका उल्लेखासाठी : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात नमूद आहे. ओवीचा हा फार जुना पुरावा विरंगुळ्याच्या ग्रंथात सापडावा, आणि तो श्रमाच्या गाण्याचा असावा, या योगायोगाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले दिसत नाही. राजाच्या सहलीचे शास्त्र झाले. कांडणारणीच्या वाट्याला एक उल्लेख आला. पुढील आठशे-नऊशे वर्षांत सहलीविषयीच्या लेखनाची वाटणी फारशी बदलली आहे काय?

दुसरे उदाहरण 'गुरुचरित्रा'चे. हा ग्रंथ पारायणाचा असल्याने त्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याचा संकोच असतो. पण त्याच्या अखेरच्या भागातील बिदरच्या राजाची कथा प्रवासलेखनाच्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. स्फोटकाने पीडलेला यवन राजा भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापुरास येतो, बरा होतो, आणि श्रीगुरूंना पालखीतून आपल्या नगरास नेऊ पाहतो. गुरू पुढे निघून पापविनाशी तीर्थावर थांबतात. सायंदेवाचा पुत्र नागनाथ त्यांना आपल्या घरी नेऊन जेवू घालतो. मागून राजा शोधीत येतो आणि मग नगरप्रवेशाचा समारंभ होतो. चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला तर उरते ती एका प्रवासाची हकीकत : वाटेतील मुक्काम, पाणवठा, परिचिताच्या घरचे जेवण, वाट पाहणाऱ्याची घालमेल. ते पापनाश तीर्थ बिदरला आजही आहे आणि सुट्टीच्या दिवशी तेथे मंडळी बसतात. हाच बिदर महिपतीने सांगितलेल्या दामाजीच्या कथेत केवढा वेगळा दिसतो! तेथे बिदर म्हणजे दरबार, हुकूम आणि भय; विठू महाराने जाऊन धान्याचे पैसे भरावेत असे ठिकाण. एकाच शहराकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी जुन्या मराठीत होत्या. नव्या मराठीने तिसरी दिली, ती म्हणजे प्रेक्षणीय स्थळाची. आमच्या मते ती या तिहींत सर्वांत दरिद्री आहे.

तिची तऱ्हा पाहा. हैदराबादहून बिदर दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. तेथील मराठी कुटुंबे, आणि सोलापूर-लातूरकडचीही, एका दिवसात हे शहर पाहून परततात; २०१७ साली बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग पुरा झाल्यापासून दोन्ही शहरे जोडीने पाहण्याची सोय झाली आहे. या सहलींची जी वर्णने वाचावयास मिळतात, त्यांत किल्ला असतो, सोळा खांबांची मशीद असते, रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम असते, महमूद गवानाचा १४७२ चा मदरसा असतो आणि सुरुंगाच्या दारूने त्याची निम्मी बाजू उडाल्याची हळहळ असते. हे सर्व खरे आहे आणि गुलाम याज्दानी यांच्या १९४७ च्या ग्रंथात ते शतपटीने चांगले आहे. मग लेखकाने स्वतः जाऊन काय पाहिले? बिदरी कामाच्या दुकानात त्याने फुलदाणीची किंमत लिहून घेतली. पण किल्ल्यातील जुनी माती लावल्याने जस्ताचा हा धातू काळा कसा पडतो आणि आतील चांदी तेवढी पांढरी कशी राहते, हे दाखविणाऱ्या कारागिराशी तो कोणत्या भाषेत बोलला, ते लिहिले नाही. बिदरमध्ये हा प्रश्न क्षुल्लक नाही. दखनी, कन्नड, मराठी आणि तेलुगू या चारही भाषा तेथे एका बाजारात ऐकू येतात.

अष्टूरच्या घुमटांचेही असेच होते. सुलतान अहमदशहा वलीच्या कबरीवरील रंगकामाचे वर्णन सर्वजण करतात. पण होळीनंतर तेथे जो उरूस भरतो तो हिंदू पंचांगाप्रमाणे धरला जातो आणि कलबुर्गीकडील माडियाळहून लिंगायत जंगम त्याचा मान घेऊन येतात, हे सहलीच्या लेखकाला दिसत नाही, कारण तो उरुसाच्या दिवशी जात नाही. गर्दी नसेल असा रविवार निवडतो. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'मध्ये पंढरीच्या वाटेवरील लेख लिहिला तो गर्दीत चालून. दुर्गाबाई भागवतांच्या 'पैस'मधील स्थळे तर बहुतेक वाचकांनी आधी पाहिलेलीच होती. जवळच्या स्थळाविषयी लिहिणे अवघड असते ते यामुळेच : तेथे नवलाईचे भांडवल नसते, लेखकाला स्वतःची दृष्टी खर्चावी लागते.

आणि या भूमीची खरी सहल तर कोणत्याच पुस्तिकेत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, जिला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्या किंवा येळवस आणि बिदर-कलबुर्गीकडे एळ्ळ अमावास्या म्हणतात, गावेच्या गावे आणि शहरेही ओस पडून शेतात जातात. कडब्याची कोप उभारतात, पांडवांची पूजा करतात, भज्जी, उंडे, आंबील असे जेवण होते आणि ज्याला शेत नाही त्यालाही कोणीतरी बोलावतेच. पिकात आंबील शिंपडताना जी आरोळी देतात ती मुळात कन्नड आहे. मांजरेच्या काठचा मराठी शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे आणि तिचा अर्थ विचारला तर हसतो. राज्यपुनर्रचनेची रेषा या दिवशी शेतांतून जाते खरी, पण जेवणावळ तिच्या दोन्ही बाजूंना एकच असते. सोमेश्वराची सस्यक्रीडा आणि ही येळवस यांचे नाते अभ्यासकांनी तपासावे. नाते न निघाले तरी हरकत नाही, येळवसीवर एक चांगला मराठी लेख तरी निघेल.

तो लिहील कोण? या ठिकाणी आम्हांस शिक्षकवर्गाशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. 'आमची सहल' हा निबंध आमच्या शाळांतून इतका ठरीव झाला आहे की पहाट, गाणी, फराळ, निसर्गशोभा आणि थकून पण आनंदाने परतणे, या पाच थांब्यांखेरीज त्याची गाडी कोठे थांबत नाही. प्रौढांच्या प्रवासलेखनातील पुष्कळसा निर्जीवपणा आम्हांस या वहीतून आलेला दिसतो. सीमाभागातील मराठी शाळेत त्याचे परिणाम अधिक कठोर होतात. तेथील मूल घरी एक मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड आणि दखनी. त्याच्या तोंडी 'कोप' असते, 'येळवस' असते, हुरड्याला 'सीतनी' हा शेजारचा शब्दही असतो. वहीत हे शब्द आले की त्यांच्याखाली तांबडी रेघ पडते आणि वर 'झोपडी', 'अमावास्या' असे शुद्ध शब्द लिहिले जातात. प्रमाण भाषा शिकविणे हे शिक्षकाचे काम आहे, यात शंका नाही. परंतु झोपडी ही कोप नव्हे. कोप एका दिवसापुरती असते आणि तिच्यात कोणी राहत नाही. येथे खोडला जातो तो अशुद्ध शब्द नसून नेमका शब्द होय, आणि ज्या मुलांना मराठीत लिहिण्याची संधी दरवर्षी कमी होत आहे त्यांच्याच हातून तो काढून घेतला जातो.

शाळांच्या सहलीही बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे येळवसीच्याच सुमारास. मूल एका आठवड्यात शेतात जाऊन येते आणि दुसऱ्या आठवड्यात बसमधून किल्ला पाहून येते; निबंध मात्र किल्ल्यावर मागितला जातो.