ओरिओ चीनमध्ये खपलं कशामुळे? एका लाडक्या केस स्टडीची उलटतपासणी

कॉमर्स किंवा मॅनेजमेंटमधून पीएचडीची तयारी करत असाल, तर ओरिओची गोष्ट तुमच्या कानावर आलीच असेल. 1996 मध्ये हे बिस्किट चीनमध्ये आलं. दहा वर्षं ते रडतखडत चाललं. मग क्राफ्ट कंपनीला कळलं की तिथल्या लोकांना ते फार गोड लागतं. गोडी कमी केली आणि 2006 मध्ये ते चीनमधलं सर्वांत जास्त खपणारं बिस्किट झालं. परदेशी कंपनीनं चिनी ग्राहकाला खाऊ कसा विकावा, या विषयावरच्या प्रपोजलमध्ये ही गोष्ट हमखास येते आणि तिच्या शेपटाला एक वाक्य असतं: यावरून ग्राहकाच्या पसंतीवर संस्कृतीचा प्रभाव सिद्ध होतो.

माझ्या मते यावरून तसं काहीही सिद्ध होत नाही.

वॉल स्ट्रीट जर्नलनं 2008 मध्ये ही हकिकत सविस्तर छापली होती. पाठ्यपुस्तकातला चार ओळींचा सारांश सोडून ती वाचा. गोडी कमी केली हे खरं, त्यासाठी वीस नमुने करून पाहिले हेही खरं. पण 14 बिस्किटांचा 72 सेंटचा पुडा लोकांना महाग पडत होता, म्हणून 29 सेंटचा लहान पुडाही काढला. गोल आकार सोडून लांबट, चॉकलेटचा थर दिलेलं वेफर ओरिओ आणलं. ते उत्तरेच्या थंडीत आणि दक्षिणेच्या दमट उकाड्यात न बिघडता पोचावं म्हणून वाहतुकीची वेगळी व्यवस्था केली. कॉलेजच्या 300 मुलामुलींना शिकवून प्रचाराला लावलं. बिस्किट दुधात बुडवून खायचं असतं, हेही लोकांना शिकवलं.

आता सांगा, खप कशानं वाढला? गोडीनं, भावानं, आकारानं की प्रचारानं? सगळंच थोड्याफार अंतरानं बदललं, त्यामुळे एकाचा परिणाम दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. एका शहरात जुनी गोडी आणि लहान पुडा, दुसऱ्यात नवी गोडी आणि मोठा पुडा, असं काही करून पाहिलं असतं तर बोलता आलं असतं. कंपनीला त्याची गरज नव्हती, तिला माल विकायचा होता. गरज आपल्याला आहे.

आमच्या काष्टीच्या आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. समजा पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दहाचा केला आणि खप पडला. कुणी त्याला ‘श्रीगोंदा तालुक्याची संस्कृती’ म्हणेल का? आपण विचारू, वजन किती घटवलं, दुकानदाराला सुटतात किती, होलसेलवाल्याचा टेम्पो कोणत्या वाडीपर्यंत जातो. चीनचं नाव आलं की मात्र हेच प्रश्न आपण विसरतो आणि कन्फ्यूशियस काढतो. (तोही बहुतेक वेळा विकिपीडियावरचा.)

या विषयावर मला त्यातल्या त्यात भरवशाचं वाटणारं पुस्तक म्हणजे लॉरेन्स ॲलन यांचं ‘चॉकलेट फॉर्च्यून्स’. फेरेरो, कॅडबरी, हर्शी, नेस्ले आणि मार्स या पाच कंपन्या चीनमध्ये कशा लढल्या, याचा हा वृत्तांत. ॲलन यांनी स्वतः चीनमध्ये हर्शी आणि नेस्लेसाठी काम केलंय. त्यामुळे उन्हाळ्यात वितळणारा माल, गोदाम, वितरक या गोष्टींना ते जागा देतात. पुस्तकाची खरी किंमत इथं आहे.

त्यांचा पाया मात्र मला पटत नाही. चॉकलेट कधी न चाखलेला अवाढव्य देश, म्हणजे कोरी पाटी, असं चित्र ते उभं करतात. चॉकलेटपुरतं ते ठीक आहे, पण गोड खाऊची पाटी कोरी नव्हतीच. शांघायची ‘व्हाइट रॅबिट’ ही दुधाची गोळी 1959 पासून त्या नावानं विकली जातेय. शिवाय निवडलेल्या पाचही कंपन्या पाश्चात्त्य. चोको पाय घेऊन आलेली कोरियाची ओरिऑन या तुलनेत नाही. शेजारच्या देशातून आलेल्याला तेच अडथळे आले का, हा प्रश्न त्यामुळे सुटूनच जातो.

फेरेरोचं प्रकरण घ्या. सोनेरी कागदातला गोळा चीनमध्ये भेटवस्तू म्हणून रुजला. इतका, की एका चिनी कंपनीनं तसाच सोनेरी गोळा बाजारात आणला. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2008 मध्ये फेरेरोला पाच लाख युआन भरपाई मिळाली. ‘भेट देणं ही चिनी संस्कृती’ असं यावर लिहायचा मोह होईल. पण दिवाळीत आपल्याकडे हाच सोनेरी डबा या घरातून त्या घरात फिरत असतो! फेरेरोचा कारखाना 2011 पासून बारामतीत आहे, काष्टीहून दौंडमार्गे जाता येईल इतका जवळ. एकच कंपनी, दोन देश. कोणता माल कुठे, कोणत्या पुड्यात, कोणत्या सणाला खपतो, ही तुलना माझ्या मते एकट्या चीनवरच्या दहा केसेसपेक्षा जास्त सांगेल. आणि त्यासाठी शांघायचं तिकीट लागत नाही.

आता यशोगाथांच्या यादीत सहसा न दिसणारी केस. हर्शीनं 2013 च्या डिसेंबरमध्ये ‘शांघाय गोल्डन मंकी’ ही चिनी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. व्यवहार सुमारे 58 कोटी डॉलरचा होता. ब्रँड चिनी, चवी चिनी, विक्रेते चिनी. संस्कृती हेच मुख्य कारण असेल तर हा सौदा चालायला हवा होता. तो चालला नाही. हर्शीला मोठा तोटा सोसावा लागला आणि 2018 मध्ये तिनं ती कंपनी विकून टाकली. ‘संस्कृती’ हे व्हेरिएबल घेऊन व्हायवाला बसणार असाल, तर ही केस तुमच्यासमोर ठेवली जाईल असं धरून चला.

आणि चिक्की किंवा बाकरवडी चीनला पाठवण्यावर प्रपोजल लिहिताय त्यांच्यासाठी: 2022 पासून चीनमध्ये अन्न पाठवणाऱ्या परदेशी कारखान्याला तिथल्या कस्टम्सकडे नोंदणी करावी लागते आणि पुड्यावर चिनी भाषेत लेबल लागतं. ग्राहकाच्या जिभेपर्यंत माल पोचण्याआधीचा हा टप्पा आहे. प्रश्नावलीत चवीचे वीस प्रश्न टाकण्याआधी निर्यातदाराला याचा खर्च विचारा.