आरव्ही कुठे लावायची? माइनेके यांच्या कॅम्पग्राउंड धोरणाचं चिकित्सक वाचन



लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी यादी नव्हे, हे आपण इथे बऱ्याचदा बोललो आहोत. मग लगेच प्रश्न येतो, की चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? चुका काढायच्या का? आज एक जुनं, छोटं लिखाण घेऊन ते करूनच बघू. विषय तुमच्या सिनॉप्सिसपासून लांबचा आहे, आणि तो मुद्दामच लांबचा घेतला आहे. विषय परका असला की युक्तिवादाचा सांगाडा जास्त स्पष्ट दिसतो.

कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलात, समजा हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये, आरव्ही घेऊन मुक्कामाला जायचंय. आरव्ही म्हणजे पलंग, छोटं किचन आणि बहुतेक वेळा टॉयलेटही असलेली गाडी. प्लॅनिंग करायला बसलात की नियम समोर येतात. बुकिंग सहा महिने आधीपासून करता येतं. एका साइटवर जास्तीत जास्त ८ माणसं. जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ एवढ्याच वेळात. आणि सगळ्यात अडचणीचा नियम लांबीचा: या साइटवर इतक्या फुटांपर्यंतचीच गाडी. गाडी ठरलेल्या जागेतच लावायची. शेजारी झाडाखाली कितीही मोकळी जागा दिसली तरी तिथे नाही.

बाकीचे नियम व्यवस्थापनाचे आहेत. गाडीला एकच ठरलेली जागा, या नियमामागे मात्र संशोधन आहे. ई. पी. माइनेके हे वनस्पतिरोगतज्ज्ञ. १९२० च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या, लोक जंगलात मुक्कामाला येऊ लागले आणि वाटेल तिथे गाडी घालू लागले. त्याचा झाडांवर काय परिणाम होतो हे माइनेके यांनी सिकोया नॅशनल पार्कमध्ये आणि मग कॅलिफोर्नियाच्या रेडवुड पार्कांमध्ये तपासलं. त्यातून १९३२ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यासाठी त्यांनी कॅम्पग्राउंडचं धोरण मांडणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. आपण चिकित्सा करायची ती या पुस्तिकेतल्या युक्तिवादाची.

आधी बलस्थानं

पहिलं म्हणजे त्यांनी प्रश्नच बदलला. जंगलाची नासाडी झाली की आपण काय म्हणतो? लोक बेशिस्त आहेत, पाट्या लावा, दंड करा. माइनेके यांचा मुद्दा वेगळा होता. शिस्तीत वागणारा, कचरा न करणारा, झाडावर प्रेम करणारा माणूससुद्धा झाड मारू शकतो. त्याला फक्त तिथे चालायचं असतं आणि गाडी फिरवायची असते. म्हणजे समस्या माणसाच्या स्वभावाची न राहता जागेच्या रचनेची झाली. आपल्यातले कित्येक जण ‘जनजागृतीची गरज’ या शिफारशीवर प्रबंध संपवतात. त्यांनी इथे थोडं थांबावं.

दुसरं म्हणजे त्यांनी कारणाची साखळी दाखवली. रेडवुड शंभर मीटरच्याही वर उंच जाऊ शकतो, पण त्याला खोल सोटमूळ नसतं. मुळं फार तर तीन-चार मीटर खोल जातात आणि आडवी लांबवर पसरतात. वरून चाकं आणि पावलं पडत राहिली की माती दाबली जाते, तिच्यातली हवेची जागा कमी होते, पाणी मुरत नाही, बारीक मुळं मरतात. नवी रोपं तर तुडवलीच जातात. झाड मात्र लगेच पडत नाही, वर्षानुवर्षं हिरवंच दिसतं. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असेल तर नुसत्या सर्वेक्षणातून काही हाती लागत नाही. यंत्रणा समजून घ्यावी लागते.

तिसरं, उपाय थेट या साखळीतून निघाला. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला तिरपे फुटलेले गाडीचे कोनाडे, कडेला मोठे दगड किंवा ओंडके म्हणजे चाक पुढे जाणार नाही. टेबल आणि चूल जागेवर पक्की. टेबल हलत नाही म्हटल्यावर माणसाच्या पायवाटाही ठरून जातात, आणि मधली झुडपं वाचतात. १९३३ नंतर सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरच्या तरुणांनी देशभर कॅम्पग्राउंड बांधली, त्यांत हाच आराखडा वापरला गेला. आज बुकिंगच्या नकाशावर जे लूप दिसतात, त्यांचा वंश इथला.

आता पोकळ जागा

एक: पुस्तिकेचा भर तज्ज्ञाच्या निरीक्षणावर आहे. किती तुडवण्याने किती नुकसान, हे प्रमाण तिच्यात ठरत नाही. त्या काळाच्या मानाने हे समजण्यासारखं आहे. प्रश्न असा, की पुढच्या संशोधनाने काय दाखवलं? पर्यटनाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा असं आढळलं की वापर आणि नुकसान यांचं नातं सरळ रेषेत नसतं. वापर सुरू झाला की सुरुवातीलाच बरंच नुकसान होऊन जातं, नंतर वाढ मंदावते. म्हणजे माणसं सगळीकडे पांगवण्यापेक्षा थोड्या जागांवर एकवटणं बरं. माइनेके यांचा अंदाज इथे बरोबर ठरतो. पण त्याची दुसरी बाजूही वाचा: ज्या जागांवर एकवटलं, त्या जागांचा आपण बळी देतोय. कोनाड्याच्या अगदी शेजारी उभ्या असलेल्या झाडाचं काय, याला या आराखड्यात पूर्ण उत्तर नाही.

दोन: त्यांच्या डोळ्यासमोर १९३० ची मोटार आणि तंबू होता. गाड्या वाढत गेल्या. ही अडचण त्यांना स्वतःलाही दिसली होती. १९३५ मध्ये त्यांनी ट्रेलरच्या संकटावर वेगळं टिपण लिहिलं. म्हणून जुन्या पार्कांतला लांबीचा नियम हा निव्वळ गैरसोय म्हणून वाचू नका. मोठ्या आरव्हीसाठी कोनाडा लांबवायचा तर कुणाची तरी मुळं त्याखाली जाणार.

तीन, आणि माझ्या मते हा सगळ्यात गंभीर मुद्दा. उपाय यशस्वी झाला म्हणून तोच पुढच्या समस्येला खतपाणी घालतो. रचना चांगली असली की जास्त लोक सामावतात, आणि जास्त लोक सामावले की आणखी रचना लागते. ‘या जंगलात मुळात किती लोकांनी राहावं?’ हा प्रश्न रचनेच्या भाषेत विचारताच येत नाही. प्रत्येक चौकट काही प्रश्न दाखवते आणि काही झाकते. चिकित्सा म्हणजे हे झाकलेलं शोधणं.

आजची दोन उदाहरणं

२०२२ मध्ये एकाच भागात दोन वेगळे निर्णय झाले. हायपेरियन हा जगातला सर्वात उंच नोंदलेला वृक्ष. त्याच्यापर्यंत अधिकृत वाट नाही, तरी लोक शोधत जात आणि बुंध्याजवळची जमीन तुडवत. रेडवुड नॅशनल पार्कने तो भागच बंद केला. आत गेल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वर्षी जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’ या राईत जमिनीपासून उचललेला सुमारे १,३०० फुटी मार्ग खुला झाला. तिथेही आधी असंच तुडवणं चाललं होतं.

दुसरा निर्णय थेट माइनेके यांच्या परंपरेतला: लोकांना येऊ द्या, पाय मातीला लागू देऊ नका. पहिला निर्णय त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे: काही ठिकाणी कुणीच जाऊ नये. यातला एक बरोबर आणि दुसरा चूक असं नाही. पण दोन्ही शेजारी ठेवले की १९३२ च्या युक्तिवादाची ताकद कुठवर आणि हद्द कुठे, हे नीट दिसतं.

तर आपल्या गाइडने दिलेला पुढचा पेपर घ्या आणि चार ओळी लिहा: त्याने प्रश्न कसा बदलला, कारणाची साखळी कुठली, कुठल्या काळाची ‘गाडी’ गृहीत धरली, आणि त्याच्या चौकटीत कुठला प्रश्न विचारताच येत नाही. चौथी ओळ सगळ्यात जास्त वेळ घेईल. घेऊ द्या. बऱ्याचदा तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच सापडतो.