युद्धवार्ता आणि तिची पैवस्ती

युद्धप्रसंगींचीं दोन पत्रें एकमेकांशीं जुळलीं नाहींत म्हणजे त्यांपैकीं एक खोटें ठरवून बाजूस टाकावें, अशी रीत आपल्या संग्राहकांत व कांहीं संपादकांतहि रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. पत्र कां जुळत नाहीं याचें उत्तर पुष्कळदां मजकुरांत नसून पत्राच्या पाठीवर, पैवस्तीच्या शेऱ्यांत असतें. आणि ती पाठच आपण खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतों!

पानिपतचेंच उदाहरण घेऊं. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. त्यापूर्वीं कित्येक आठवडे भाऊसाहेबांची छावणी कोंडली गेली होती. डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, व जासुदांची वाटहि धोक्याची झाली. अशा वेळीं दक्षिणेंत पोंचणारें पत्र लिहितेवेळीं खरें असलें तरी वाचतेवेळीं खरें राहत नसे. दरबारच्या अखबारनविसाची अडचण आणखी निराळी. धन्यास रुचेल तें लिहिण्याचा त्यास मोह, आणि वार्ता नसली तरी कांहीं तरी लिहिण्याची सक्ती.

सावकाराचें तसें नव्हे. जानेवारीअखेर नर्मदेच्या आसपास नानासाहेबांच्या हातीं जें सांकेतिक सावकारी पत्र पडलें, तें ग्रँट डफच्या इतिहासामुळें सर्वश्रुत आहे. दोन मोत्यें गेल्याची, म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव पडल्याची, ती वार्ता खरी ठरली. ज्याची हुंडी बुडणार त्यास खोटी बातमी परवडत नाहीं. नागपुरास कळमन्याच्या बाजारांत भावाची वार्ता ऐकून ज्यानें माल अडवून धरला असेल, त्यास हें समजावून द्यावयास नको. मात्र तोच सावकार परक्यास सांगतांनाहि तितकाच खरा असे, असें आम्ही म्हणत नाहीं. तें पत्र सावकारांचें आपसांतलें होतें.

विश्वासरावांच्या मृत्यूविषयीं वाद राहिला नाहीं. भाऊसाहेबांविषयीं मात्र तो पंधरा वर्षें धुमसत राहिला. विश्वासरावांचें शव अबदालीच्या गोटांत नेलें गेलें, तें अनेकांनीं पाहिलें. भाऊसाहेब अखेरच्या गर्दींत शिरले, आणि जे परत आले त्यांपैकीं बहुतेकांनीं ती अखेर पाहिलीच नव्हती. मल्हारराव होळकर आधींच निघाले होते. आधीं निघालेल्यास आपलें निघणें योग्य ठरवावयाचें असतें, म्हणून तो पराभवाची घटका अलीकडे ओढतो. काशिराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. भाऊसाहेबांचें धड सांपडल्याचें तो लिहितो, पण तें १७८० सालीं, एकोणीस वर्षांनीं. त्याच्या मतें अबदालीकडे ४१,८०० स्वार व ३८,००० पायदळ, मराठ्यांकडे ५५,००० स्वार व १५,००० पायदळ. जदुनाथ सरकारांनीं हे आंकडे अनुक्रमें ६०,००० व ४५,००० वर आणले. ४१,८०० या नेमक्या आंकड्याचा वाचकावर वचक बसतो; पण काशिराज कोणाची हजिरी घेऊन बसला होता?

नागपुरकर वाचकांस सीताबर्डीचें उदाहरण अधिक जवळचें. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळीं लढाई जुंपली व दुसऱ्या दिवशीं इंग्रजांचा जय झाला. इंग्रज ग्रंथकार आपले मृत व जखमी ३६७ असे मोजून देतात; आप्पासाहेब भोसल्यांची फौज मात्र कोठें अठरा हजार, कोठें वीस हजार. स्वतःचीं माणसें हजेरीपटावरून कळतात, शत्रूचीं धुरळ्यावरून. आरंभ अरबांनीं केला असें इंग्रज लिहितात, आणि पराभवानंतर आप्पासाहेबांनींहि हल्ला आपल्या आज्ञेवांचून झाल्याचें कळविलें. येथें दोन्ही पक्ष जुळतात! परंतु एकास दोष दुसऱ्याच्या माथीं मारावयाचा होता, दुसऱ्यास गादी राखावयाची होती. न जुळणाऱ्या साक्षीइतकीच ही जुळणारी साक्षहि आम्ही तपासून घेऊं.

मग निखालस खोट्या वार्तेचें काय करावें? राजवाड्यांनीं १८९८ सालच्या पहिल्या खंडांत अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी घासल्या, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यामुळें वावड्या निकामी झाल्या असें ज्यांनीं मानलें ते चुकले. भाऊसाहेब जिवंत आहेत या विश्वासावर पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. १७७६ सालीं कोंकणांत तोतयानें बंड माजविलें, त्याचें सारें भांडवल हीच वार्ता होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यास देहान्त शासन झालें. ती वार्ता ज्या कागदांत आहे ते फाडून टाकल्यास हें बंड समजणार कसें?

यास्तव संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, पत्र चिकटविण्यापूर्वीं त्याची पाठ उतरून घ्यावी. पुष्कळ पत्रांवर साल नसतें, नुसता चंद्र व महिना असतो, आणि पैवस्तीहि तशीच त्रोटक असते. तरीहि लेखनाचा व पैवस्तीचा चंद्र शेजारीं मांडला कीं, वार्ता किती दिवस वाटेंत होती, आणि ती वाचून धन्यानें काय केलें असेल, याचा अंदाज येतो. छापील खंडांत जेथें पैवस्ती दिलेली नाहीं व मूळ कागद अद्याप शाबूत आहेत, तेथें ते पुन्हां उलटून पाहावे.